धर्मा मिस्त्रींची दाढ

आमच्या शेजारचे धर्मा मिस्त्री यंत्रांना चावायचे. रागाने नाही हो, कामाचा भाग म्हणून. पाण्याचा पंप असो की शिलाई मशीन, मिस्त्री लोखंडी सळईचं एक टोक यंत्रावर टेकवणार, दुसरं तोंडात धरणार आणि डोळे मिटून बसणार. त्याआधी बजावणार, ‘थांबा मास्तर, दाताला इचारतो.’

तीस वर्षं त्यांनी पनवेलच्या एका भातगिरणीत फिटरकी केली. गिरणीच्या आवाजाने कान गेले ते चाळिशीच्या आतच. मग कुठलं बेअरिंग कोरडं पडलंय ते कळायचं कसं? तर सळई दातात धरून. बाकीचे फिटर ही युक्ती कधीमधी करायचे, मिस्त्रींचा तोच कान झाला. माणसांचं बोलणं ते ओठांवरून ओळखत. स्वतः बोलत ते इतक्या मोठ्याने, की चाळीमागच्या तळ्याच्या पलीकडे धुणं धुणारी बाई मान वर करून बघायची.

पण नशीब बघा. देवाने कान काढून दातात दिला आणि दात तंबाखूने खाल्ले. मी त्या चाळीत राहायला गेलो तेव्हा नव्वद साल नुकतंच लागलं होतं आणि मिस्त्रींच्या तोंडात एकच दाढ शिल्लक होती. डावीकडची, खालची. तीही हलायची. ती काढून टाका असं कोणी म्हटलं, तर मिस्त्री त्या माणसाशी चार दिवस बोलत नसत.

गिरणी बंद पडली आणि पाडायला घेतली, त्या भंगारात त्यांना मालकाच्या बापाचा चावीचा फोनो सापडला. लाकडी पेटी, वर भलामोठा पितळी कर्णा. मिस्त्री कर्णा डोक्यावर आणि पेटी काखेत घेऊन भर बाजारातून चालत घरी आले. त्यांच्या बायकोने, हिराबाईंनी, दारातच पदर तोंडाला लावला. हसण्यासाठी की नाकात धूळ जाऊ नये म्हणून, कोण जाणे. बाई दिवसाकाठी चार शब्द बोलायची. मी म्हणायचो, नवराच ठार बहिरा, बोलणार तरी कोणाशी?

त्या फोनोवर मिस्त्रींनी तीन वर्षं घालवली. आतली कमान, म्हणजे चावीची स्प्रिंग, तुटली होती. तिचं टोक चुलीत तापवून, नरम करून नवं भोक पाडलं. कर्ण्याचे पोचे लाकडी हातोडीने ठोकून काढले. छिद्र होतं तिथे तुपाच्या डब्याचा पत्रा डागला. सुईच्या मागे अभ्रकाचा एक पातळ गोल पडदा असतो, आवाज त्यातून निघतो. तो तडकला होता. नेमक्या त्याच सुमारास मी माझी इस्त्री त्यांना दुरुस्तीला दिली. परत आली ती चांगली तापायची, पण हात लावला की खांद्यापर्यंत झिणझिण्या. जाब विचारला तर मिस्त्री शांतपणे म्हणाले, की तुमच्या इस्त्रीत अभ्रक फार बेस होता. पुढे वर्षभर मी शाळेत चुरगळलेल्या सदऱ्याने शिकवलं.

आणि मग एका दुपारी दोन वाजता फोनो गायला लागला.

माझी सकाळची शाळा. दुपारची झोप म्हणजे माझा जीव की प्राण. भिंतीपलीकडून एका बाईचा आवाज यायचा, डब्यातून बोलल्यासारखा, कोंदट. हळद, मांडव, नवरी असे शब्द कानावर पडायचे. लांबच लांब चाल, कुठे घाई नाही. पहिल्या दिवशी मला कौतुक वाटलं. आठव्या दिवशी मी उशी डोक्यावर घेतली. रोज तेच! शेवटी मी मिस्त्रींना गाठून, ओठ नीट हलवून विचारलं, अहो, दुसरी तबकडी नाही का?

‘एकच हाय,’ मिस्त्री म्हणाले आणि बोळक्या तोंडाने हसले. ‘जुनी हाय, पन आपली हाय.’

ती तबकडीही विचित्र. पावसाळ्यात तिचा घसा बसायचा. कधी मध्येच खोकायची, थांबायची, मग पुढे चालू. चरे पडले असतील, असं मी मनाशी म्हणायचो. तबकडीला पडसं होतं कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मुलांना विज्ञान शिकवायचो मी! पण झोपमोड झालेल्या माणसाची अक्कलही अर्धी झोपलेलीच असते.

दोन वर्षं हे चाललं. मग एका भाद्रपदात मिस्त्रींची दाढ पिकली. गाल सुजून डोळा मिटला. अंगात ताप, तोंडात घास जाईना. हिराबाई भावाकडे नेऱ्याला बारशाला गेल्या होत्या. मी धाक घातला, समजावलं, शेवटी हात धरून रिक्षात कोंबलं आणि खांदा कॉलनीतल्या एका दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काढावीच लागेल. मिस्त्रींनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले आणि माझ्या ओठांकडे बघितलं.

‘मास्तर, नाय काढली तर किती दिस जगन?’

आठवडाभर, मी म्हटलं. उगाच म्हटलं. डॉक्टर असं काही बोलले नव्हते. मला ते प्रकरण संपवायचं होतं. मिस्त्रींनी डोळे मिटले. मग त्यांनी तोंड उघडलं.

येताना रिक्षात ती दाढ कागदाच्या पुडीत त्यांच्या मुठीत होती. ती मूठ त्यांनी घरापर्यंत उघडली नाही. मी मात्र स्वतःवर खूष होतो. माणूस वाचवला होता ना! शिवाय पुढचे चार दिवस भिंतीपलीकडे सामसूम. मी पालथा पडून मनसोक्त झोपलो.

पाचव्या दुपारी दोन वाजता फोनो पुन्हा सुरू झाला. मला नवल वाटलं. दाढ गेली, आता हा माणूस ऐकतो कशाने? विचारावं म्हणून उठलो. त्यांचं दार अर्धवट उघडं होतं.

फोनोवर तबकडी नव्हतीच. हिराबाई जमिनीवर बसून, तोंड कर्ण्याच्या आत घालून गात होत्या. पलीकडे मिस्त्री ओणवे होऊन बसले होते. फोनोची सुई जिथे बसते ते टोक, कर्ण्यात गायलं की थरथरणारं, त्यांनी सुईशिवाय तोंडात घेतलं होतं, नुसत्या हिरड्यांत. हिरडीला अजून रक्त होतं. डोळे बायकोच्या गळ्यावर. गळ्याची शीर हलेल तशी त्यांची मान हलत होती.

बाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्या थांबल्या, कर्ण्यातून तोंड काढून ओशाळल्या. मग मला कळलं. हिराबाई धवलारीण होत्या. आगरी लोकांत लग्न लावते ती धवलारीण, देवाची आणि नवरानवरीची गाणी म्हणत. नेऱ्यापासून पळस्प्यापर्यंत शंभर मांडवांत त्यांनी लग्नं लावली होती. आता बँड आला, शूटिंगवाले आले, बाईंना बोलावणं येईना. एवढं सगळं सांगायला त्यांना चार वाक्यंही लागली नाहीत. शेवटचं वाक्य होतं, ‘आता यांच्याबिगर कोन ऐकतंय, मास्तर?’

मिस्त्री मला बाहेर पडवीत घेऊन आले. मी विचारलं, हिरडीने ऐकू येतं? आयुष्यात पहिल्यांदा ते हळू आवाजात बोलले.

‘नाय. पन तिला सांगतो, हिरडीला जास्तच कळतं.’

मला इतकी शरम वाटली, की जमीन दुभंगावी आणि आत घ्यावं. ती दाढ म्हणजे हिराबाईंचा शेवटचा मांडव होता, आणि तो मी खोटं बोलून उठवला होता. माफी मागायला तोंड उघडलं, तर मिस्त्रींनी हात वर करून गप्प केलं. पुढे ते जे म्हणाले ते मी तीन वर्षं, माझी बदली होईपर्यंत पाळलं.

रोज दुपारी मी भिंतीला कान लावून बसायचो. संध्याकाळी मिस्त्री पडवीत यायचे, बाई चुलीपाशी आहेत ना हे बघायचे आणि माझ्या ओठांकडे बघत विचारायचे, ‘मास्तर, आज कशी गायली?’

मी सावकाश, एकेक शब्द सांगायचो. आज आवाज जरा बसला होता. हळदीच्या गाण्याला मात्र छान लागला. मिस्त्री ऐकून घ्यायचे, दाढ होती तिथे जीभ फिरवायचे, आणि बायकोला सांगायला आत जायचे.