दहापैकी चार

हेडसरांचा उजवा गुडघा बदलला, स्वभाव मात्र जुनाच राहिला. ऑपरेशननंतर डॉक्टर बघायला आले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "सर, दुखणं दहापैकी किती?"

गुडघ्यात कुणीतरी तापलेली सळई फिरवत होतं. पण सरांचा जन्म निबंध तपासण्यात गेलेला. दहापैकी चारच्या वर त्यांनी कुणाला दिले नव्हते; पाच दिले की पोरं शेफारतात. त्यांनी दुखण्याकडे परीक्षकाच्या नजरेनं पाहिलं. मेहनत दिसत होती, पण सुधारणेला वाव होता.

"चार," सर दात आवळून म्हणाले.

"अरे वा," म्हणत डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या.

गोळ्या कमी झाल्या म्हणून गुडघा वाकेना आणि तो वाकेना म्हणून व्यायाम घेणारी फिजिओ वैतागली. "सर, दुखतंय जेमतेम चार आणि पाय असा ओंडक्यासारखा? हा निव्वळ आळस. गुडघा आखडला ना, की जिना विसरा."

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. शिवाय 'आळशी' हा शेरा सरांनी आजवर फक्त दिला होता. त्यांनी निमूट पाय पुढे केला, तिनं तो वाकवला आणि सरांना भरदिवसा तारे दिसले.

"आता किती?"

सरांच्या मनात तत्त्वाची आणि गुडघ्याची झटापट झाली. "साडेचार."

"अर्ध्यानं काय होतंय," म्हणत तिनं पुन्हा पाय धरला. तेवढ्यात सरांची बायको जेवणाचा डबा घेऊन दारात आली आणि जागीच थबकली.

"अहो, किती म्हणालात?"

"साडेचार."

"अगं, सोड तो पाय. डॉक्टरांना बोलाव आधी. बोर्डात पहिल्या आलेल्या मुलीला दिले नाहीत यांनी एवढे."

डॉक्टर धावत आले. "यांचे चार म्हणजे माणसांचे नऊ," बाईंनी त्यांना समजावलं. गोळ्या वाढल्या, गुडघा वाकू लागला. घरी जायच्या दिवशी सर काठी टेकत दवाखान्याचा जिना चढले आणि उतरलेसुद्धा.

डॉक्टर खुशीत होते. "मग सर, आमच्या ऑपरेशनला किती?"

सरांनी गुडघा एकदा वाकवून पाहिला. "चार."

डॉक्टरांचा चेहरा पडला. पिशवी आवरता आवरता बाई म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका, डॉक्टर. आमच्या संसाराला अजून तीनच आहेत."

"साडेतीन," काठी सावरत सर पुटपुटले, "फेरतपासणीत वाढलेत."