दोन बशा

प्रोफेसर वेसना तालेव्स्का यांचा अभ्यास आज संपायचा होता. थकलेल्या हृदयावरचं नवं औषध, आठ वर्षांची मेहनत, दोनशे रुग्ण. एक जरी गळाला तरी सगळं पाण्यात. निम्म्यांना औषध, निम्म्यांना पिठाच्या गोळ्या, आणि कोणाला काय ते खुद्द बाईंनाही ठाऊक नव्हतं. नवरा-बायकोला एकत्र घेऊ नये असं बाईच शिकवायच्या. पण शेवटची दोघं मिळेनात, आणि गरजवंताला अक्कल नसते. म्हणून प्रेस्पा तळ्याकाठचं म्हातारं जोडपं, क्रस्ते आणि स्तोयना, अभ्यासात आलं.

आज क्रस्ते शेवटच्या तपासणीला गेला तशी स्तोयनाने सफरचंदांची पिशवी टेबलावर ठेवली.

"बाई, रागावू नका. मला महिन्याभरात बरं वाटलं, हे मात्र धापाच टाकत होते. म्हटलं, ह्यांच्या गोळ्यांची बाटली खोटी. सकाळच्या गोळ्या आदल्या संध्याकाळी दोन बशांत मीच काढून ठेवते. मार्चपासून माझी गोळी ह्यांच्या बशीत, ह्यांची माझ्या. आता बघा, चढ चढतात."

"अहो, अदलाबदल करायची नाही म्हणून बजावलं होतं ना?"

"बजावलं होतंत. पण डोळ्यांदेखत माणूस घालवू?"

बाईंनी दोन्ही नावं कापायला पेन उचललं.

मग स्तोयना तपासणीला गेली आणि क्रस्तेने आत येऊन दार लावलं.

"म्हातारी बशा बदलते. पहिल्याच दिवशी पाहिलं मी. तिच्या तोंडचं औषध मी कसं खाऊ? रोज पहाटे उठून बशा परत फिरवतो. तिला मात्र सांगू नका."

"एकही दिवस चुकला नाही?"

"देवाशप्पथ, नाही."

म्हणजे ज्याची गोळी त्याच्याच पोटात. बाईंनी दोघांचं म्हणणं जसंच्या तसं लिहून वर देखरेख समितीकडे पाठवलं. समितीने महिनाभर खल केला आणि दोघांना ठेवलं. मग कोणाला काय दिलं ती यादी उघडली, औषध खरं ठरलं. बाईंनी जोडप्याला बोलावून घेतलं.

"स्तोयनाबाई, तुमच्या बाटलीत पीठ होतं. औषध ह्यांच्या."

स्तोयनाचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मी ह्यांना पीठ चारलं? आणि औषध स्वतः गिळलं?" ती रडायलाच लागली.

बाईंनी क्रस्तेकडे पाहिलं. त्याने खाली मान घालून पहाटेचं सगळं सांगितलं.

स्तोयनाने डोळे पुसले.

"सात महिने माझ्याआधी उठत होतात," ती म्हणाली, "आणि एकही दिवस कॉफी ठेवली नाहीत?"