सात कड्यांच्या प्रथिनाची छाननी

२००८ च्या फेब्रुवारीत जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत डॉ. तातेरावांनी एका प्रथिनाचा आराखडा पुरा केला. मोसंबी सडवणाऱ्या बुरशीचा एक पेप्टाइड, म्हणजे चौदा मण्यांची अदृश्य माळ, तेवढीच या प्रथिनाने ओळखून घट्ट धरायची होती. इतर कशालाही शिवायचे नव्हते. रचना साधी होती. एकाच साच्याच्या सात कड्या, प्रत्येकीने दोन मणी धरायचे. एकतीस मार्चपूर्वी सरकारी परवानगी आली तर तातेरावांची नोकरी कायम होणार होती. नाहीतर मंठ्याला सासऱ्यांच्या खतांच्या दुकानात पोती उतरवायची होती.

परवानगी देणाऱ्या सरकारी कचेरीत छाननी कक्षाच्या रखमाजीकाकांनी आराखडा गंभीरपणे वाचला.

"डॉक्टरसाहेब, एकच कडी सात बार लिहून राह्यले तुम्ही. नक्कल मंजूर व्हत न्हाई."

"काका, एक कडी दोनच मणी धरते."

"मंग दोनच धरू द्या. बाकी बारा मणी दुसऱ्या खात्यात बसतील."

अखेर दर कडीचा वेगळा अर्ज करायचे ठरले. सात अर्जांना सात टेबले मिळाली. एका रांगेतली, एकाच घडणीची. सगळ्यांवर तेच हिरवे कापड, तीच टाचण्यांची डबी. प्रत्येक टेबलाने तातेरावांचे दोन-दोन मूळ कागद ठेवून घेतले. एका टेबलावरचे सोडवायला जावे, तर उरलेली सहा अधिक घट्ट होत. त्या रांगेत दुपारी मेणासारख्या वितळत राहिल्या.

एके दिवशी एक ठेकेदार हात हलवत आला. त्याच्याकडे चिटोरादेखील नव्हता. तो सातही टेबलांना न अडखळता साहेबांच्या खोलीत गेला, चहा पिऊन आला आणि आदेश घेऊन निघूनही गेला.

तातेरावांच्या अंगावर शास्त्रीय काटा आला. सात टेबले, चौदा कागद: जे त्यांनी तीन वर्षे कागदावर रेखाटले, ते इथे कधीचेच चालू होते. त्यांनी तिथल्याच बाकावर अहवाल लिहिला: 'लक्ष्याची ओळख अचूक. पकड कायम. सुटका आढळली नाही.'

एकतीस मार्चला रखमाजींनी तो वाचला. त्यांचे डोळे पाणावले.

"आमचं काम इतकं बराबर कुणाला समजलंच न्हाई, साहेब. आठवं टेबल रिकामं हाय. येता का?"

तातेराव कायम झाले. आता ते तिथेच असतात. तुमचे कागद अर्धवट असतील, तर त्यांच्यासमोरून बिनघोर जा. पण तुम्ही साक्षांकित प्रतीसुद्धा क्रमाने लावून ठेवणारे वाचक आहात. तुम्ही जिना चढत असतानाच ते खुर्ची पुढे ओढतात.