सिद्धप्पाचा ठोकळा

"सर, पुन्हा हलतंय," चैताली म्हणाली.

डॉ. रत्नदीप शिवशरण यांनी पडद्याकडे पाहिलं. सरळ चालणं एवढंच जिचं काम, ती रेघ कुणीतरी गुदगुल्या केल्यासारखी थरथरत होती.

चिंचोळी एमआयडीसीतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत नुकताच एक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येऊन बसला होता. लोखंडातली केसाहून बारीक चीर दाखवणारं हे यंत्र भलतंच नाजूक. जमीन जराशी हलली, की चित्र पुसट. म्हणून यंत्र विकणाऱ्या कंपनीने आपली इंजिनिअर चैताली हिला पुण्याहून पाठवलं होतं. जमिनीची थरथर मोजायची. ती मर्यादेत निघाली तर यंत्र सोलापुरात राहील, नाहीतर प्रयोगशाळेच्या पुण्याच्या शाखेत जाईल. या यंत्रासाठी शिवशरण सरांनी दिल्लीपर्यंत इतके हेलपाटे घातले होते, की सोलापूरच्या शुक्रवार पेठेतले शेजारी त्यांना 'आलं का मशीन?' याशिवाय दुसरं काही विचारत नसत. आलेलं मशीन परत गेलं, तर उद्यापासून स्कूटर कुठल्या बोळातून काढायची, हा सरांपुढे प्रश्नच होता.

थरथर अडवण्यासाठी यंत्राखाली काँक्रीटचा एक भला मोठा ठोकळा होता. जमिनीत खोल उतरलेला, पण इमारतीला कुठेही न चिकटलेला. भोवती चारी बाजूंनी बोटभर मोकळी फट. बाहेर काहीही धडधडलं, इमारत हादरली, तरी हादरा त्या फटीपाशी थांबावा, अशी ती युक्ती. ठोकळा बांधला होता सिद्धप्पा गवंड्याने. काम देखणं केलं, आणि शेवटच्या दिवशी फट सिमेंटने भरून वरून आरशासारखी घोटून ठेवली.

"फट कुठाय?" सरांनी विचारलं होतं.

"बुजवली की. उघडी फट ठेवून गेलो तर लोक काय म्हनतील? गुरप्पाच्या पोरानं काम अर्धवट टाकलं म्हनतील."

सरांनी ती त्याच्याच हातून उकरून घेतली. आपलंच काम छिन्नीने फोडताना सिद्धप्पाचा चेहरा असा झाला होता, की त्याला चहा विचारायचाही कुणाला धीर झाला नाही.

नकाशात नसलेलं एक काम मात्र सरांनी हौसेने करवून घेतलं होतं. यंत्र चालवणाऱ्याने ठोकळ्याच्या बाहेर बसावं, असं नकाशा सांगत होता. पण एवढा न हलणारा ठोकळा बांधल्यावर आपण हलत्या जमिनीवर का बसायचं? म्हणून त्यांनी ठोकळा एका खुर्चीपुरता वाढवला आणि त्यावर आपली खुर्ची मांडली. खुर्च्यांच्या बाबतीत त्यांचा अनुभवच वाईट होता. घरच्या खुर्चीचे स्क्रू सारखे ढिले होत, आणि त्याचा दोष ते सोलापूरच्या सुतारांना देत.

"बाहेरूनच येतंय काहीतरी," सर म्हणाले आणि त्यांनी कान दिला. भिंतीपलीकडच्या कँटीनमधून आवाज येत होता. धप्प. धप्प.

सर तरातरा बाहेर गेले. कँटीनवाल्या नागूबाई उखळात शेंगाची चटणी कुटत होत्या.

"नागूबाई, थांबवा ते. आत मशीन हलतंय."

"चटनीनं?" नागूबाईंनी मुसळ तसंच वर धरलं. "येवढ्या मोट्या मशीनला माजी चटनी सोसंना व्हय?"

"आधी थांबवा."

नागूबाईंनी मुसळ खाली ठेवलं. सरांनी खिडकीतून विचारलं, "थांबलं का?"

"थांबलं सर. एकदम सरळ," आतून चैताली म्हणाली.

सरांनी नागूबाईंकडे कॉपी पकडलेल्या मास्तरासारखं पाहिलं, आत येऊन ते खुर्चीत बसले आणि समाधानाने पडद्याकडे बघू लागले. थोड्याच वेळात रेघ पुन्हा थरथरायला लागली.

"म्हणजे चटणी एकटी नाही," सर म्हणाले. "साथीदार आहे."

साथीदार शेजारीच होता. टॉवेलचा कारखाना. सर कारखान्यात गेले, मालकाच्या हातापाया पडले. हे यंत्र राहिलं तर तुमच्या मागाचे तुटके भाग फुकट तपासून देईन, असं कबूल केलं. मालकाने जेवणाची सुट्टी लवकर दिली आणि माग बंद झाले. सरांनी तिथूनच फोन लावला.

"थांबलं?"

"थांबलं सर. सरळ आहे."

सर जवळजवळ पळतच आले आणि खुर्चीत बसले. रेघ आधीपेक्षा जास्त नाचली.

आता उरला रस्ता. माढ्याहून ऊस घेऊन निघालेला बिभीषण दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रेमटवत नेमका फाटकासमोर आला होता. सर हात पसरून आडवे उभे राहिले.

"इंजिन बंद कर."

"बंद केलं तर परत चालू व्हत न्हाय, साहेब. ढकलावं लागतंय."

"मी ढकलतो. बंद कर."

बिभीषणने सरांच्या अंगकाठीकडे पाहिलं, पण इंजिन बंद केलं. फोनवर चैतालीने सांगितलं, रेघ सरळ आहे. मागे वाहनांची रांग लागली. हॉर्न वाजू लागले, तसे सर प्रत्येक गाडीजवळ जाऊन हात जोडून आले. खोळंबलेले ड्रायव्हर आणि सुटलेले कामगार मग नागूबाईंच्या कँटीनमध्ये शिरले, भाकरी मागू लागले, आणि चटणी नाही म्हटल्यावर कुरकुरू लागले. नागूबाई प्रत्येकाला खिडकीकडे बोट दाखवून सांगत होत्या, "त्या साहेबास्नी इचारा."

अर्धी एमआयडीसी गप्प करून सर खुर्चीत येऊन बसले. रेघ इतकी हलली, की पडद्यावर मावेना.

चैतालीने चष्मा काढला. "सर, मला वाईट वाटतं. पण मला पुण्याला कळवावं लागेल."

सरांना खरोखर रडू येत होतं. तेवढ्यात दारात उभा असलेला सिद्धप्पा खाकरला. आपल्या ठोकळ्याची परीक्षा बघायला तो सकाळीच नवा शर्ट घालून आला होता.

"ठोकळा माजा खराब न्हाय," तो म्हणाला.

"मग हलतंय काय?" सर ताडकन उठले. शिकलेली मराठी रागात त्यांना सोडून जात असे. "सांग की! समद्यांला थांबवून आलो मी. आता कोन राह्यलंय?"

"सर," चैताली हळूच म्हणाली, "असेच उभे राहा."

रेघ सरळ झाली होती.

"आता बसा."

सर बसले. क्षणभर रेघ सरळ राहिली, मग थरथरली.

"उठा."

सरळ.

"बसा."

या वेळी चैतालीने पडद्याकडे पाहिलंच नाही. तिने टेबलाखाली वाकून पाहिलं. सिद्धप्पा वाकला. खिडकीतून नागूबाई वाकल्या. सगळ्यांत शेवटी सर वाकले. त्यांचा उजवा पाय ठोकळ्यावर टाच आपटत, शिलाई मशीन चालवल्यासारखा चालला होता.

"हा... केव्हापासून करतोय हे?" सरांनी पायाबद्दल विचारलं.

सरांना घरच्या खुर्चीचे स्क्रू आठवले, आणि त्यांनी सोलापूरच्या सुतारांची मनातल्या मनात माफी मागितली.

"सगळं परत मोजते," चैताली म्हणाली. "पण तुम्ही बाहेर थांबा. खुर्चीसकट."

बाहेर आल्यावर सरांना उभं राहवेना आणि बसायची भीती वाटू लागली. नागूबाईंनी त्यांची घालमेल पाहिली. मग कँटीनच्या दारातल्या गर्दीकडे पाहिलं.

"चटनी तुमीच बंद केलाव न्हवं? मग आता तुमीच कुटा," असं म्हणून त्यांनी मुसळ सरांच्या हातात दिलं.

सर कुटू लागले. आधी घाबरत, मग जोरात. सुट्टी संपली आणि माग सुरू झाले. पोटात भाकरी गेलेल्या ड्रायव्हरांनी बिभीषणचा ट्रॅक्टर ढकलला, तो भडभडत सुटला आणि त्याच्यामागे सगळी रांग धडधडत निघाली. सगळा परिसर हादरत होता. खिडकीतून चैतालीचा आवाज आला.

"सरळ आहे, सर. मशीन इथंच राहतंय."

सिद्धप्पाने नव्या शर्टाची कॉलर नीट केली. सरांनी त्याला हाताला धरून कँटीनच्या लांब बाकावर बसवलं, त्याच्यासाठी चहा मागवला आणि स्वतः शेजारी बसले. समोरच्या बाकावर चैताली चटणी-भाकरी घेऊन बसली. नागूबाईंनी सगळ्यांपुढे चहा ठेवला. इतका आनंद सरांना कित्येक वर्षांत झाला नव्हता.

टेबलावरचे कप हळूहळू किणकिणायला लागले. चहा बशीत उतरला.

"साहेब," सिद्धप्पा आपला कप उचलत शांतपणे म्हणाला, "पाय."