लेस लावलेला नारळ

नालवाडीच्या प्रमिलाबाईंनी यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरी काढलेलं खोबरेल तेल वाण म्हणून द्यायचं ठरवलं, तेव्हाच कोणीतरी त्यांचा हात धरायला हवा होता. पण धरणार कोण? नवरा रूपराव त्यांच्यापुढे बोलत नसत आणि सून सुरभी बोलली तरी तिचं कोणी ऐकत नसे.

"शकुबाईनं मांगच्या वर्षी वाट्या देल्या," प्रमिलाबाई म्हणाल्या. "वाट्या काय, कोनीबी दुकानातून आनते. तेल काढाले अक्कल लागते."

नारळ घरातच होते. वर्षभर ओटीत आलेले अकरा नारळ फळीवर ओळीने बसले होते. ओटीतल्या नारळाचं आपल्याकडे काय होतं, ते बायांना सांगायला नको. तो हिच्या ओटीतून तिच्या ओटीत फिरत राहतो. कोणी फोडायच्या भानगडीत पडत नाही. प्रमिलाबाई पडल्या.

दहा नारळ नीट निघाले. अकरावा सोनेरी लेस लावलेला होता. सुरभीच्या आईने, म्हणजे देवळीच्या यशोदाबाईंनी, दिवाळीत तो प्रमिलाबाईंच्या ओटीत घातला होता. लेस सोडवून तो फोडला, तर खोबरं पिवळं पडलेलं आणि मधे काळा डाग.

"आई, याले वास येऊन राह्यला," सुरभी म्हणाली. "हा नका टाकू."

"मले तं काईच येत नाई."

"तुमाले सर्दी हाय नं, नाक बंद हाय तुमचं."

"नाक बंद हाय, डोकं नाई बंद! तेलात सगळं जिरते. टाक."

सुरभीने टाकलं. खोबरं किसलं, वाटलं, पिळून दूध काढलं आणि मोठ्या कढईत दुपारभर आटवलं. तेल सुटलं. वीस लहान बाटल्या भरल्या. 'घरचे व शुद्ध' अशा वीस चिठ्ठ्या रूपरावांनी सुवाच्य अक्षरात लिहून चिकटवल्या. थंडी अशी की सकाळपर्यंत तेल गोठून पांढरंशुभ्र झालं. गोठलेल्या तेलाला मेला वासही फारसा येत नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायांनी बाटल्या उजेडात धरून पाहिल्या आणि प्रमिलाबाईंचं तोंडभर कौतुक केलं. त्या दिवशी त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

मग बायांनी बाटल्या उन्हात ठेवल्या, तेल पातळ केलं आणि डोक्याला चोपडलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी शकुबाई, जिजाबाई आणि आणखी चारपाच जणी डोक्यावर पदर घट्ट घेऊन दारात उभ्या.

"प्रमिलाबाई, कायचं तेल होतं वो हे?" शकुबाईने बाटली पुढे केली. "आमची काजल कालेजात गेली, तं पोरीइनं वर्गाच्या साऱ्या खिडक्या उघडल्या. एवढ्या थंडीत!"

"मी चारदा डोकं धुतलं," जिजाबाई रडवेल्या झाल्या. "आमच्या यायनं आपली खाट आंगनात नेली."

नेमकी त्याच दिवशी प्रमिलाबाईंची सर्दी उतरली होती. त्यांनी बाटली नाकाशी नेली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. सगळ्या कॉलनीत नाक कापलं गेलं होतं, तेही वास न आलेलं नाक! आता कोणाच्या तरी माथी मारल्याशिवाय सुटका नव्हती.

"मायं तेल शुद्धच होतं," त्या तडक म्हणाल्या. "एक नारळ देवळीचा होता, त्यानं घात केला." फेकायची नाही म्हणून खिडकीत जपून ठेवलेली लेस त्यांनी सगळ्यांपुढे नाचवली. "हे पाहा! वरतून जरी अन् आत सडकं. अशी असतात बापा लोकं!"

पाण्याचा ट्रे घेऊन आलेली सुरभी दारातच थांबली. तिचा चेहरा उतरला. तिने ट्रे ठेवला, फोन लावला आणि आवाज मोठा करून सासूच्या हातात दिला. "तुमीच इचारा मम्मीले."

प्रमिलाबाईंनी विचारलं. गोड विचारलं, पण विचारलंच. 

"चुकलंच बाई मायं," पलीकडून यशोदाबाई म्हणाल्या. "मायाच घरून आला तो. मले माफ करा इहीणबाई, पन पोरीले काई बोलू नका. तिचा त्यात काई दोष नाई."

"देवळीवाले असेच," कोणीतरी मागून म्हणालं. सुरभी पुसलेलीच फरशी पुसायला लागली.

प्रकरण इथे मिटलं असतं. पण रूपराव कधी नव्हे ते बोलले. लेस बोटाला गुंडाळत ते म्हणाले, "हे लेस मी कुठंतरी पाह्यली, बुवा."

प्रमिलाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप्प झाले. पण आता प्रमिलाबाईंनाही आठवलं. सुरभीच्या लग्नाची सकाळ. विहिणीची ओटी भरायची होती आणि नारळ आणायचा राहून गेला होता. माळ्यावर आदल्या गणपतीतला एक पडला होता, मळकट, शेंडी झडलेला. तो झाकायला आपल्याच ब्लाउजची उरलेली लेस त्यांनी घाईघाईत चिकटवली होती. तो नारळ देवळीला गेला आणि दीड वर्षाने परत आला. आणि त्यांनी तो फोडला.

गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. विहिणीने सगळं आपल्या अंगावर घेतलंच होतं. पण सुरभी मान खाली घालून फरशी पुसत होती, आणि ते काही प्रमिलाबाईंना बघवेना. त्या आत गेल्या, कपाटातून लग्नातला ब्लाउज आणला आणि सगळ्या बायांसमोर बाहीला लेस लावून दाखवली. धागा न् धागा तोच.

"नारळ मायाच होता," त्या म्हणाल्या. आवाज एवढासा झाला होता. "जुना होता. मीच सजवून देल्ता. इहीणबाईचा काई दोष नाई."

 शकुबाई छताकडे बघायला लागल्या. त्यांच्या फळीवर काय काय ठेवलेलं आहे, ते त्यांनाच ठाऊक! फोन अजून चालूच होता.

"बरं, गॅसवर मायी भाजी जयून राह्यली," पलीकडून यशोदाबाई घाईने म्हणाल्या, "ठेवतो मी."

रविवारी यशोदाबाई लेकीला भेटायला आल्या. प्रमिलाबाईंनी सकाळीच रूपरावांना नारळाला पिटाळलं होतं. त्यांनी तीन दुकानांत इतके नारळ कानाशी हलवले की शेवटच्या दुकानदाराने हात जोडले, "काकाजी, नारळ घ्याचा हाय का भजन कराचं हाय?"

जेवताना यशोदाबाई सहज म्हणाल्या, "तुमचा मानाचा नारळ मी देवापाशी ठेवल्ता. एवढा सजवलेला, फोडावासाच वाटे ना. म्हटलं, दुसऱ्या कोनाले कायले द्याचा, इहीणबाईलेच द्याव." प्रमिलाबाईंना ठसका लागला. सुरभीने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

निघताना ओटी भरली. लेस नाही, जरी नाही, नुसता साधा, भरदार नारळ. यशोदाबाईंनी तो पदरात घेतला आणि नमस्काराला वाकल्या. प्रमिलाबाईंना राहवेना.

"इहीणबाई, एकदा कानाशी हालवून तं पाहा."

"काऊन वो?" यशोदाबाईंनी ओटीची गाठ मारली. "मांगच्या वक्ती तरी कुठं हालवून पाह्यला होता मी?"

त्या हसत हसत पायऱ्या उतरल्या.