सहा मिनिटं दहा सेकंद

बेलापुरात आपल्याइतका वेगवान ड्रमरोल कुणाचा नाही, असं जयाचं ठाम मत होतं. वय सोळा, अकरावी सायन्स, आणि ड्रमसेटवर हात असे फिरायचे की जणू मोहोळ उठलंय! यंदाच्या चौदा एप्रिलला जयंतीच्या ऑर्केस्ट्रात ड्रमवर आपणच बसणार, हे तिनं मैत्रिणींना सांगूनही टाकलं होतं. फक्त मास्तरांना सांगायचं राहिलं होतं.

छगन मास्तर श्रीरामपूरच्या बँडमधले जुने वादक. दर रविवारी विहारामागच्या खोलीत पोरापोरींना शिकवायचे. त्यांनी जयाचा रोल शांतपणे ऐकला.

"हात लई छान हाय. पर हे तुकडं झालं. आख्खं गानं टेप करून आन."

"आख्खं?"

"पहिल्या ठोक्यापासून शेवटापर्यंत. मधी स्टिक पडली तरी थांबायचं न्हाई. रोज टेप करायचं, रोज ऐकायचं. पुढच्या रविवारी ठरवू, ड्रमवर तू का भागवत."

भागवत हा मास्तरांचा दुसरा शिष्य. तो निमूटपणे साधा ठेका धरून बसायचा, म्हणून जया त्याला मोजतच नव्हती.

सोमवारी तिनं शेजारच्या विजयमाला मावशीला खोलीत आणून उभं केलं. जयंतीला गाणं मावशीच म्हणणार होती. खोलीत प्लग नव्हता, म्हणून पप्पांचा टेपरेकॉर्डर सेलवर लावला. संध्याकाळी घरी तो विजेवर जोडून दोघी ऐकायला बसल्या.

आणि जया गारच पडली!

आपण वाजवतो ते आपल्याला ऐकूच येत नाही, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. ज्या रोलवर ती खूश होती, तो दर दोन ओळींनी मावशीच्या अंगावर मोकाट वळूसारखा धावून जात होता. मावशी एका जागी श्वास घ्यायची, आणि नेमका तिथंच झांजेचा दणका! एवढी वर्षं शेजारी राहणाऱ्या मावशीचा श्वास तिनं कधी ऐकलाच नव्हता. एवढ्याशा कॅसेटमध्ये एवढं सगळं?

शिवाय पाच मिनिटांचं गाणं टेपवर साडेचार मिनिटांत संपलं.

"मावशी, मी पळतेय गं!"

"पळू दे! माझा आवाज बग की जये, कसा कवळा लागतोय! टेपवर आवाज येगळाच येतो म्हनत्यात, ते खरंय बग!"

मंगळवारी जयानं लय कमी केली. टेपवर गाणं तरीही साडेचार मिनिटांत! बुधवारी आणखी कमी केली. तरी तेच! शुक्रवारपर्यंत मावशी घामाघूम.

"जये, दम पुरंना मला!"

"मावशी, टेप खोटं बोलत नाही."

संध्याकाळी टेपवर आपला दिवसेंदिवस कोवळा होत चाललेला आवाज ऐकला की मावशी सगळं विसरायची.

रविवार उजाडला. मास्तर, भागवत आणि जयंती समितीचे आबासाहेब बसले होते. जयानं स्टिका वाजवून मोजलं, "एक… दोन…" एक आणि दोनच्या मध्ये माणूस चहा पिऊन आला असता! मावशीनं पहिल्याच ओळीत तीनदा श्वास घेतला. दुसऱ्या कडव्याला आबासाहेब टोपी काढून, मान खाली घालून उभे राहिले.

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं दहा सेकंद.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "कोन वारलं?"

भागवतनं तोंडाला रुमाल लावला. जयाच्या डोळ्यांत पाणी आलं. चौदा तारीख हातातून निघाली होती.

"मास्तर, कालची टेप ऐका! अजून पळतंच आहे!"

विहाराच्या पुढच्या दालनात प्लग होता. टेप लागली. मावशी चौथीतल्या पोरीच्या आवाजात चार मिनिटं चाळीस सेकंदांत मोकळी झाली.

काल तर तिनं याच कासवगतीनं वाजवलं होतं. मग तिनं टेपरेकॉर्डर उलटा केला, मागचं झाकण उघडलं. दिवाळीपासूनचे सेल, पांढरी भुकटी सुटलेले!

"रेकॉर्ड करताना टेपची फीत हळू फिरली," ती पुटपुटली, "म्हणून विजेवर ऐकताना पळाली. सेल रोज उतरत गेले, आणि मी रोज त्यांच्या मागं…"

"म्हंजी तो आवाज माझा न्हवता?" मावशी मटकन खाली बसली.

"ड्रम हिकडं आना," मास्तर म्हणाले. "विजेवर टेप करू. आता खऱ्या लयीत."

जयानं वाजवलं. आठवडाभर त्या कासवाच्या चालीत तिला लपायला जागाच नव्हती. गाण्यातली फट न् फट तिला पाठ झाली होती. रोल एकदाच आला, मावशीच्या श्वासाला वाट देऊन. तिसऱ्या कडव्यात डाव्या हातातली स्टिक निसटली. उजवा हात थांबला नाही.

मग सगळ्यांनी टेप ऐकली. पाच मिनिटं, दोन सेकंद. मावशीचा आवाज तिचाच, भरदार.

"स्टिक कुठं पडली, कळलं का?" मास्तरांनी विचारलं.

"न्हाई बा!" आबासाहेब म्हणाले. भागवतनंही मान हलवली.

"चौदा तारखेला हीच बसंल."

जयानं वही जवळ ओढली. म्हणाली, "मास्तर, चुका?"

"सात. घे लिहून."

जयानं फिजिक्सच्या वहीचं शेवटचं पान हातानं झाकलं. टेप चालू असताना तिनं तिथं अकरा लिहिल्या होत्या.