जेंबरच्या गाडीवरचं एक अक्षर

"आजचा दिवस तोंड मिटून बसा," असं बायकोनं बजावूनही हार्जोनो गुरुजी जेंबर शहराला जाणाऱ्या जुन्या बसच्या मागच्या दाराशी गेले आणि पाटी पाहून त्यांचं डोकंच फिरलं. जेंबरच्या रोमन स्पेलिंगात सुरुवातीला नुसता ‘जे’! त्यांचे वडील या गाडीवर कंडक्टर होते तेव्हा त्याआधी एक ‘डी’ असे. त्या डीवर बोट फिरवतच गुरुजी अक्षरं शिकले होते.

बारा वर्षं गोदामात गंजलेली ही बस गावानं खपून उभी केली होती. जिल्हाप्रमुख बाईंना पसंत पडली तर चौकात कायमची जागा, नाहीतर सोमवारी भंगारात. बाई आत बसून फोटो काढून घेत होत्या. पुढं फीत बांधलेली. इंजिन सुरू करून स्टिअरिंगवर बसला होता जुना ड्रायव्हर मिसदी, वय एकोणऐंशी, ठार बहिरा.

"डी कुठाय?" गुरुजींनी पेंटर पुतुतला दटावलं.

"सरकारनं स्पेलिंगं बदलली, तेव्हाच तो काढला. पन्नास वर्षं झाली, गुरुजी!"

"सरकारनं काढला, माझ्या बापानं नाही!"

"हळू, बाई ऐकतील."

"ऐकू देत! इथं हवा होता, इथं!" प्रत्येक ‘इथं’ला पाटीच्या पत्र्यावर एकेक सणसणीत थाप बसली.

कंडक्टरच्या दोन थापा म्हणजे निघा, एक म्हणजे थांबा. मिसदीच्या अंगात ते चाळीस वर्षं मुरलेलं. थापांचा हादरा पाठीला जाणवताच त्यानं गिअर टाकला, फीत तुटली आणि जिल्हाप्रमुखांसकट गाडी जेंबरच्या रस्त्याला लागली.

"मिसद्या, थांब!" गुरुजी लुंगीसारखं नेसलेलं सारोंग वर खोचून धावले. बापाची गाडी आपल्याच हातानं भंगारात घातली, या विचारानं त्यांना रडू येत होतं. बाजाराच्या वळणावर गाडी मंदावली. त्यांनी दाराचा दांडा धरला आणि एकच थाप मारली. गाडी जागच्या जागी थांबली.

बाईंचा अंबाडा सुटला होता. "कोणी सोडली गाडी?"

"मी. मला काय ते बोला, मिसदीला नको."

"आजीबरोबर याच गाडीनं यायचे मी बाजाराला," बाई केस सावरत म्हणाल्या. "चौकात उभी करून काय पूजा घालायचीय? दर रविवारी धावू दे. आणि गुरुजी, कंडक्टरनं दारात उभं राहायचं असतं, मागून पळायचं नसतं."

तीन महिन्यांत गुरुजींच्या थापांनी पाटीवरचा ‘जे’ पार झडला. पुतुत रंगाचा डबा घेऊन आला. "हरलो, गुरुजी. लिहू तुमचा डी?"

गुरुजींनी दारातूनच त्याला बाजूला सारलं.

"नंतर बघू रे. गाडीला उशीर होतोय," ते म्हणाले आणि त्यांनी दोन थापा मारल्या.